तार कोणाची, निवड कोणाची?

नव्या वस्तीत बिऱ्हाड हलविणाऱ्या माणसापुढे पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न उभे राहतात. नळाला पाणी किती वाजता येते, शिधापत्रिकेवरचा पत्ता कोठे बदलून मिळतो, आणि घरात इंटरनेट कोणाचे घ्यावयाचे. पहिल्या दोन प्रश्नांवर आपल्या चळवळीने आयुष्य वेचले. त्यांच्यासाठी मोर्चे निघाले, घेराव झाले, निवडणुका लढविल्या गेल्या. तिसरा प्रश्न मात्र आपण ज्याच्या त्याच्या खिशाचा आणि आवडीनिवडीचा मामला समजून बाजूस ठेवला आहे. एखादा कार्यकर्ता घर बदलतो, शेजाऱ्यास विचारतो, 'तुमच्याकडे कोणाचं आहे हो?', आणि तो जे नाव सांगेल ते घेऊन मोकळा होतो. मीही आजवर तेच करीत आलो. परळमधले जुने बिऱ्हाड आवरून बदलापुरास भाड्याच्या घरात राहावयास गेलो, तेव्हा या प्रश्नाची दुसरी बाजू प्रथमच ध्यानात आली.

आमच्या वसाहतीत चार इमारती आहेत. जोडणीसाठी मी तीन कंपन्यांकडे चौकशी केली आणि तिन्हीकडून दूरध्वनीवर गोड उत्तरे मिळाली. त्यांतील एका कंपनीचा तंत्रज्ञ शिडी घेऊन फाटकापर्यंत आलाही. रखवालदाराने त्याला तेथूनच परत पाठविले. कारण विचारता म्हणाला, 'साहेब, आत एकाच कंपनीची वायर चालते. बिल्डरचं तसं ठरलंय.' बिल्डरच्या कचेरीत गेलो, तर टेबलामागच्या मुलीने त्याच कंपनीचे दरपत्रक माझ्या हाती ठेवले आणि 'यातला कुठलाही प्लॅन निवडा, सर' असे हसतमुखाने सांगितले. ज्या निवडीचा बाजार एवढा डांगोरा पिटतो, ती माझी निवड इमारतीचा पाया खणला जात असतानाच कोणीतरी उरकून टाकली होती. मला उरली होती ती हप्ता किती रुपयांचा भरावयाचा एवढीच मोकळीक.

हा एका वसाहतीचा किस्सा म्हणून सोडून देता आला असता. परंतु तो तसा एकटादुकटा असता, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, २०१७ साली केवळ इमारतींमधील प्रवेशाच्या प्रश्नावर स्वतंत्र शिफारशी करण्याची वेळ आली नसती. इमारतीत एकाने उभारलेल्या सोयी इतर कंपन्यांनाही भेदभाव न करता वापरता आल्या पाहिजेत, हे त्या शिफारशींचे सार. पुढे २०२४ साली याच प्राधिकरणाने इमारतींना त्यांच्या दळणवळणाच्या सोयींनुसार मानांकन देण्याचे विनियम काढले. हॉटेलांना मिळतात तसे इमारतींना तारे मिळावयाचे, आणि तेही इमारतीच्या मालकाने मागितले तर. रहिवाशांनी तार मागितली, त्यांना तारे मिळाले.

मुक्त बाजाराचे कैवारी यावर काय म्हणतील ते ठाऊक आहे. ते म्हणतील, मोबाइलकडे पाहा. २०११ सालापासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, नाराज ग्राहक दुसऱ्या दिवशी चालता होतो, म्हणून सगळ्या कंपन्या सरळ राहतात. मोबाइलच्या बाबतीत यात काही तथ्य आहे हे मी मान्य करतो. घरातल्या तारेची गोष्ट वेगळी आहे, कारण तार जमिनीतून, खांबावरून आणि भिंतीतून येते, आणि जमीन, खांब व भिंत यांना मालक असतात. ज्याने चर प्रथम खणला, ज्याचे नळकांडे भिंतीत प्रथम बसले, त्याच्या मागून येणाऱ्याला तेच सगळे पुन्हा खणावे लागते. एका गल्लीत पाच जलवाहिन्या टाकून 'हवे त्या कंपनीचे पाणी प्या' असे कोणी म्हणत नाही; तसे म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू. तारेच्या बाबतीत मात्र हेच वेड आपण प्रगती समजून चालतो, आणि परिणामी शहरातील प्रत्येक विजेच्या खांबावर काळ्या केबलींचे झुबके लोंबतात, रस्ता वर्षातून दोनदा उकरला जातो, आणि एवढे करूनही इमारतीच्या आत प्रवेश एकालाच.

आता दरपत्रकातल्या भाषेकडे वळू. कारण घर बदलणाऱ्याची फसगत बहुधा तेथूनच सुरू होते.

पहिला शब्द 'पर्यंत'. सेकंदाला शंभर मेगाबिट 'पर्यंत' वेग. एक्स्चेंजकडून येणारा प्रकाशतंतू गल्लीच्या तोंडाशी विभागला जातो आणि त्याच एका तंतूवर बत्तीस, प्रसंगी चौसष्ट घरे बसविलेली असतात. सगळी घरे रात्री नऊ वाजता एकदम जागी झाली की 'पर्यंत' या शब्दाचा खरा अर्थ कळतो. कंपनीने मुख्य वाहिनी पुरेशी मोठी घेतली असेल तर बत्तीस घरे सुखाने नांदतात. काटकसर केली असेल तर आठ घरेही भांडतात. दरपत्रकावर हे कोठेच नसते. कायद्याची मागणीही फार नाही. ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट वेग पुरे होता, २०१३ साली तो ५१२ झाला आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. शंभराचे आश्वासन देणाऱ्यावर कायद्याच्या व्याख्येचे बंधन दोनाचे!

दुसरा शब्द 'अमर्याद'. काही मोठ्या कंपन्यांच्या अमर्याद योजनांना महिन्याला ३३०० गिगाबाइटची मर्यादा असते, आणि ती ओलांडली की वेग खाली येतो. सामान्य कुटुंबाला एवढे पुरून उरते, तेव्हा मर्यादेविषयी माझी तक्रार नाही. शब्दाविषयी आहे. मर्यादेला अमर्याद म्हणण्याची सवय एकदा लागली की पुढे कशालाही काहीही म्हणता येते.

तिसरा शब्द 'मोफत', आणि भाडेकरूच्या दृष्टीने सर्वांत महागडा तोच. जोडणी मोफत, राउटर मोफत, दोन महिने मोफत. अट एवढीच की वर्षाचे पैसे आगाऊ भरा. वर अठरा टक्के जीएसटी. आता आपल्या राज्यात भाड्याचे घर घेतले जाते ते बहुतेक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर. घराचा करार अकरा महिन्यांचा आणि तारेचा बारा महिन्यांचा. घरमालकाने करार वाढविला नाही, तर भाडेकरू सामान घेऊन निघतो आणि उरलेले पैसे त्या भिंतीतच राहतात. नव्या वस्तीत त्याच कंपनीची तार असेल तर जोडणी हलविता येते, नसेल तर बंद करावी लागते, आणि मग मोफत दिलेला राउटर कोणत्या कचेरीत परत द्यावयाचा याचा शोध सुरू होतो. घर वारंवार बदलावे लागते ते कोणाला? ज्याला घर नाही त्याला. म्हणजे स्वस्त योजना ज्याच्यासाठी असल्याचे सांगितले जाते, त्यालाच ती परवडत नाही. महिन्याची योजना महाग पडते, तरीही भाडेकरूने प्रथम तीच घ्यावी, असे मी अनुभवाने सांगतो. एक पावसाळा काढावा, मग आगाऊ पैशांचा विचार करावा.

पावसाळ्यावरून आठवले. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई घरी बसून एका रुग्णालयाची बिले संगणकात नोंदवितात. पगार नाही, नोंदीमागे पैसे. जुलैत मोठा पाऊस झाला, फाटकाबाहेर झाडाची फांदी केबलवर पडली आणि सलग तीन दिवस इंटरनेट बंद. मोबाइलवरून काम चालविण्याचा त्यांनी प्रयत्न केला; घरातल्या आतल्या खोलीत रेंज नाही, जिन्यात बसून संगणक चालेना. तीन दिवसांची मजुरी गेली ती गेलीच, चौथ्या दिवशी रुग्णालयाने त्यांचा गठ्ठा दुसऱ्या कोणाला दिला. कंपनीच्या दूरध्वनीवर एक यंत्र 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असे सांगत राहिले. बिलातून तीन दिवसांचे काही रुपये वजा झाले की नाही हे मी विचारले नाही. ते विचारणे क्रूरपणाचे झाले असते. इमारतीत दुसरी तार असती तर त्या बाई त्याच संध्याकाळी तिकडे वळल्या असत्या. ती नव्हती, कारण 'बिल्डरचं तसं ठरलं' होते.

चौथ्या दिवशी तार जोडावयास आलेला तरुण मुलगा पावसात, हातात मोजे नाहीत, कमरेला पट्टा नाही, अशा अवस्थेत विजेच्या खांबावर चढला. खाली उतरल्यावर चहा पिताना कळले की तो कंपनीचा नोकर नाही. कंपनीच्या कंत्राटदाराच्या पोटकंत्राटदाराचा माणूस आहे. तक्रारीमागे पैसे मिळतात. भविष्यनिर्वाह निधीचे नाव काढताच हसला. त्या क्षणापर्यंत मी मनातल्या मनात त्याच्यावरच चिडलो होतो, हे कबूल केले पाहिजे. ग्राहकाचा राग नेहमी ज्याच्या हाती शिडी असते त्याच्यावर निघतो. ज्याच्या हाती करार असतो तो कधी दिसत नाही.

येथे आपल्यातले काही साथी लगेच म्हणतील की उपाय सोपा आहे, सार्वजनिक क्षेत्राची कंपनी घ्या. मेळाव्यात बीएसएनएल वाचविण्याचा ठराव करावयाचा आणि घरी गेल्यावर खाजगी कंपनीच्या जोडणीवरून त्या ठरावाचे छायाचित्र सगळ्यांना धाडावयाचे, हा दुटप्पीपणा मी पुष्कळ पाहिला आहे. त्यापेक्षा निष्ठेने सरकारी जोडणी घेणारे बरे. परंतु निष्ठा हा काही सेवेचा पर्याय नव्हे. एके काळी टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत ताटकळत, तेव्हा ती यादी सार्वजनिक क्षेत्राचीच होती, हे आपण विसरलो तरी लोक विसरलेले नाहीत. खाजगी कंपन्यांचे स्वागत मध्यमवर्गाने ज्या उत्साहाने केले, त्यात त्या यादीचा वाटा मोठा होता.

मात्र त्यानंतर जे घडले त्यास आळस हे नाव देता येत नाही. १९८६ साली मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल आणि २००० साली उरलेल्या देशासाठी बीएसएनएल निघाली. तारेचे जाळे, एक्स्चेंज, जमिनी आणि अनुभवी कामगार, हे सगळे या दोघींपाशी होते. खाजगी कंपन्या फोर-जी सेवा विकू लागल्या तेव्हा सार्वजनिक कंपनीला तिच्यासाठी ध्वनिलहरीच दिल्या गेल्या नाहीत. त्या देण्याचा निर्णय झाला २०१९ मध्ये, आणि देशभर सेवेचे उद्घाटन झाले २०२५ च्या सप्टेंबरात. मध्यंतरी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलचे सुमारे १४ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. कोणत्या गल्लीत कोणती तार कोठून जाते हे ज्यांना डोळे मिटून ठाऊक होते, ते लोक एका संध्याकाळी घरी गेले. सरकारने २०१९, २०२२ आणि २०२३ अशी तीन वेळा हजारो कोटींची पुनरुज्जीवन योजना जाहीर केली. आधी हात तोडावयाचे आणि मग हातमोज्यांसाठी अनुदान द्यावयाचे, असा हा क्रम आहे. आज अनेक ठिकाणी सार्वजनिक कंपनीचा प्रकाशतंतू घरापर्यंत पोहोचतो तो स्थानिक भागीदारामार्फत. तेव्हा नव्या वस्तीत सरकारी जोडणी घेताना फलक कोणाचा हे पाहून भागत नाही. शेवटच्या पाचशे फुटांची तार कोण सांभाळतो आणि तो रविवारी दूरध्वनी उचलतो काय, हे विचारावे लागते. चांगला भागीदार असेल तेथे अवश्य ती घ्यावी. वाईट असेल तेथे मुकाट्याने सहन करू नये. सार्वजनिक क्षेत्राच्या मित्राने तर मुळीच करू नये.

इंटरनेट हा चैनीचा पदार्थ आहे, त्यासाठी एवढा गहजब कशाला, असा आक्षेप अद्यापही आपल्यातल्या काही ज्येष्ठांकडून ऐकू येतो. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातील एक विद्यार्थिनी रेंज मिळावी म्हणून डोंगरावर खोप बांधून अभ्यास करीत होती, त्या वर्षीच या आक्षेपाचे उत्तर मिळाले. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला; जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरील अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना घटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण असल्याचे म्हटले. हक्क कागदावर आला. देशात ब्रॉडबँडचे ग्राहक नव्वद कोटींहून अधिक असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. त्यांत घरापर्यंत तार आलेले मात्र जेमतेम चार-साडेचार कोटी. बाकीचे मोबाइलच्या पडद्यावर. लहानशा पडद्यावर गाणे ऐकता येते, निबंध लिहिता येत नाही आणि रुग्णालयाची बिले तर नाहीतच. जेथे तार टाकणे नफ्याचे नाही, तेथे कंपन्या २०२३ पासून गच्चीवर बसवावयाची हवाई पेटी देऊ लागल्या आहेत. मनोऱ्याजवळच्या घराला ती बरी. गर्दीच्या वस्तीत ती तारेची जागा घेऊ शकत नाही.

केरळने एक वेगळी वाट धरली. राज्याच्या वीज मंडळाच्या खांबांवरून सरकारच्या मालकीचा प्रकाशतंतू नेला आणि जून २०२३ मध्ये के-फोन ही सेवा सुरू केली. पहिल्या टप्प्यात प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील शंभर, म्हणजे एकूण चौदा हजार गरीब कुटुंबांना मोफत जोडणी असे ठरले. वीस लाख कुटुंबांचे मूळ उद्दिष्ट त्या मानाने फार दूरचे आहे आणि कंत्राटांवरून तेथील विरोधी पक्षाने आरोपही केले आहेत. त्या आरोपांची छाननी व्हावी. परंतु खांब लोकांचा, मग त्यावरची तारही लोकांची, हा विचार तेथे निदान धोरणात उतरला. आपल्याकडे खांब लोकांचा, खड्डा लोकांचा आणि तार तेवढी त्यांची!

गोरेगावच्या पाण्याचा लढा मृणालताईंनी लढविला, तेव्हा तेथील बायकांनी कोणाचा टँकर स्वस्त पडतो याची तुलना करीत बसण्यात वेळ दवडला नाही. पालिकेची वाहिनी आमच्या वस्तीत का नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि लोकांनी मृणालताईंना 'पाणीवाली बाई' हे नाव दिले ते त्या प्रश्नासाठी. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने वाणसामान एकत्र घेऊन वाटण्याचा जो प्रघात पाडला, त्यातही हीच जाण होती की एकटा ग्राहक दुकानदारापुढे फक्त गिऱ्हाईक असतो.

म्हणून जुलैच्या त्या तीन दिवसांनंतर आम्ही घरोघर फिरलो. कोणत्या कंपनीचे घ्यावे हे ठरविण्याकरिता आधी आम्हाला कंपन्यांना आत घ्यावे लागणार होते. आमच्या गृहनिर्माण संस्थेची नोंदणी झालेली आहे, इमारतीचे अभिहस्तांतरण बाकी आहे, आणि समितीने बिल्डरच्या तोंडी कराराला कधीच प्रश्न विचारला नव्हता. करार दाखवा म्हटल्यावर कळले की लेखी काही नाहीच. कंपनीने जिन्यातले दिवे बसवून दिले होते, एवढ्यावर आमचे हक्क विकले गेले होते. अर्जावर एकेचाळीस सह्या झाल्या. अध्यक्षांनी त्यांतल्या सतरा खोडल्या, कारण त्या भाडेकरूंच्या होत्या आणि भाडेकरू संस्थेचा सभासद नसतो. सतरा खोडलेल्या सह्यांत माझी पहिली.

सभेत मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. बोलण्याचा अधिकार नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे घर स्वतःचे आहे. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी तीन दिवसांचा हिशेब वाचून दाखविला, एवढेच. परवाना असलेल्या कोणत्याही कंपनीला सारख्या अटींवर प्रवेश मिळेल, भिंतीतली नळकांडी संस्थेची आहेत आणि ती कोणा एकाला दिली जाणार नाहीत, असा ठराव बहुमताने संमत झाला. दुसऱ्या कंपनीची तार दिवाळीपूर्वी आली. त्या बाईंनी दोन्ही जोडण्या ठेवल्या आहेत, एक कामाची आणि एक पावसाळ्याची. दुहेरी खर्च होतो, पण गठ्ठा परत मिळाला आहे. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येते, ती वाट सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मोकळी केली, हेही आम्ही जिन्यातल्या फलकावर लावले. जुन्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून येत असे, आजच्या पेटीला ती घरातून लागते, तेव्हा दिवे गेले की इंटरनेटही जाते. ही साधी गोष्टही पुष्कळांना माहीत नव्हती, तीही लिहिली.

भाडेकरूंच्या तक्रारी समितीने लेखी घ्याव्यात आणि पंधरा दिवसांत उत्तर द्यावे, हा ठरावाचा दुसरा भाग मात्र पुढील सभेवर ढकलण्यात आला आहे. ती सभा एप्रिलमध्ये आहे. माझा अकरा महिन्यांचा करार मार्चअखेर संपतो, आणि घरमालकाशी बोलणी चालू आहेत.